विंडोज लाइव्ह मेलमधून थंडरबर्डमध्ये: दांडिया बाजारातल्या एका पेढीच्या चौदा वर्षांच्या पत्रव्यवहाराचं स्थलांतर

पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावर जीएसटी आणि आयकराची कामं करणारी एक छोटी पेढी आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा इथे वगळल्या आहेत. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. हाताखाली वीस वर्षांचा अनुभव असलेल्या एक ताई आणि नुकताच कॉमर्स झालेला एक मुलगा. अशील बरेचसे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार आणि मांडवी-रावपुऱ्यातले व्यापारी.

पेढीचा ईमेलचा पत्ता एकच. स्वतःच्या डोमेनचा, एका होस्टिंगवाल्याकडे घेतलेला, २ जीबी जागेचा. हा एक पत्ता तीन कॉम्प्युटरवर चालायचा. भाऊंच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आणि त्यावर २०११ पासून विंडोज लाइव्ह मेल हे मायक्रोसॉफ्टचं ईमेल सॉफ्टवेअर. ताईंच्या आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आणि त्याच्याबरोबर आलेलं साधं 'मेल' ॲप. भाऊंनी अशीलवार १३० फोल्डर केली होती आणि प्रत्येक पत्र वाचलं की ते योग्य फोल्डरमध्ये टाकायची त्यांची शिस्त होती. सगळी मिळून साधारण ५८ हजार पत्रं, १९ जीबी.

या पत्रांना कायद्याचंही वजन आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. २०१८-१९ या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत गेली होती. म्हणजे त्या वर्षाचे कागद २०२६ संपेपर्यंत हाताशी हवेत. कोणी कोणतं बिल कधी पाठवलं, कोणत्या आकड्याला अशिलाने होकार दिला, याचा पुरावा बहुतेक वेळा ईमेलमध्येच असतो.

अडचण

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ताईंच्या मेल ॲपमधून पत्र जाईना. ॲप उघडलं की नवं आउटलुक घ्या असं सांगणारी सूचना यायची. यात बिघाड काही नव्हता. मायक्रोसॉफ्टने मेल आणि कॅलेंडर या ॲपचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपवला होता आणि ते आधीच जाहीरही केलं होतं. पेढीत कोणी ती सूचना वाचली नव्हती. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची ११ तारीख चार दिवसांवर आली होती, त्यामुळे तेवढ्यापुरतं ब्राउझरमधून वेबमेल उघडून काम भागवलं.

वेबमेल उघडल्यावर दुसरी गोष्ट समोर आली. "भाऊ, पंधरा दिवसांमागचं एकही पत्र यात दिसत नाही," ताई म्हणाल्या. हे त्यांना नवं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वीचं पत्र शोधायला गेलं की सापडत नाही, ही तक्रार त्या वर्षभर करत होत्या, आणि म्हणून महत्त्वाचं पत्र आलं की ते एका जीमेल पत्त्यावर पुढे पाठवून ठेवायची सवय त्यांनी लावून घेतली होती.

कारण साधं होतं. भाऊंचं विंडोज लाइव्ह मेल पॉप पद्धतीने, म्हणजे सर्व्हरवरून स्वतःच्या डिस्कवर, पत्रं उतरवत होतं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा, १४ दिवसांनी काढून टाका' असं त्यात लावलेलं होतं. बाकीचे दोघं त्याच पेटीला आयमॅपने जोडलेले होते. आयमॅपमध्ये सर्व्हरवर जे आहे तेच दिसतं, त्यामुळे भाऊंच्या कॉम्प्युटरने चौदाव्या दिवशी सर्व्हरवरून पत्र काढलं की ते इतर दोघांकडूनही जायचं. उलट बाजूने, भाऊंनी पाठवलेली पत्रं फक्त भाऊंच्याच डिस्कवर राहायची, कारण पॉप पाठवलेलं पत्र सर्व्हरवर ठेवत नाही. एकाच पेटीवर पॉप आणि आयमॅप एकत्र लावले की हे होतंच.

याचा अर्थ असा की पेढीचा चौदा वर्षांचा पत्रव्यवहार एकाच डिस्कवर होता. ती डिस्क गेल्या दिवाळीपासून अधूनमधून टक-टक आवाज करत होती. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला होता आणि विंडोज लाइव्ह मेलचा तर १० जानेवारी २०१७ लाच.

सगळ्याच्या आधी डिस्क

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं यावर चर्चा सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याने ती थांबवली, आणि त्याचं बरोबर होतं. आवाज करणाऱ्या डिस्कची आधी प्रत काढायची, पर्याय नंतर तोलायचे.

विंडोज लाइव्ह मेल प्रत्येक पत्र वेगळ्या ईएमएल फाइलमध्ये ठेवतं. जागा: सी ड्राइव्ह, युजर्स, त्या माणसाचं नाव, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज लाइव्ह मेल. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं, त्यामुळे एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याची सोय चालू करावी लागते. पत्ते मात्र इथे नसतात, ते शेजारच्या विंडोज लाइव्ह फोल्डरातल्या कॉन्टॅक्ट्समध्ये असतात. प्रत काढताना ते हमखास विसरलं जातं.

पहिला प्रयत्न माउसने कॉपी-पेस्ट करून झाला आणि तो एका खराब फाइलवर अडकला. मग विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा वापरली. इथे एक धोका लक्षात ठेवावा: रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या फाइलवर मुळात दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हे घातक आहे. म्हणून पुन्हा प्रयत्नांचा आर आणि थांबण्याचा डब्ल्यू हे दोन्ही स्विच १ वर आणले आणि वाचता न आलेल्या फायलींची नोंद वेगळ्या लॉग फाइलमध्ये घेतली. संध्याकाळी सुरू केलेलं काम सकाळी संपलं होतं. नोंदीत नऊ फायली निघाल्या.

त्याच दिवशी भाऊंच्या विंडोज लाइव्ह मेलमधलं '१४ दिवसांनी काढा' हे काढून टाकलं आणि होस्टिंगवाल्याकडून पेटी १० जीबीची करून घेतली. जागा वाढवण्याआधी हे केलं असतं तर २ जीबीची पेटी काही आठवड्यांत भरून येणारी पत्रं परत गेली असती.

पर्याय

सहा पर्याय तोलले गेले. नवं आउटलुक सगळ्यात जवळचं, कारण ते विंडोजबरोबर फुकट येतं आणि मेल ॲपच्या जागी आपोआप पुढे येतं. फुकट आवृत्तीत जाहिराती दिसतात, पण पेढीला खटकलं ते दुसरंच. दुसऱ्या कंपनीची आयमॅप पेटी त्यात जोडली की पत्रं मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये उतरवून घेण्याची परवानगी ते मागतं. म्हणजे कॉम्प्युटर आणि आपला सर्व्हर यांच्यामध्ये तिसरं घर येतं. पत्रांत अशिलांची पॅन कार्डं, बँकेची स्टेटमेंटं, भागीदारीचे करारनामे. भाऊंचं म्हणणं असं की अशिलाने कागद आपल्याला दिलाय, तो आणखी कुठे ठेवायचा असेल तर आधी त्याला विचारायला हवं. हा आक्षेप सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही. ज्यांची पेटी मुळातच मायक्रोसॉफ्टकडे आहे त्यांना यात काही नवं नाही.

ईएम क्लायंट दिसायला नीटस, विंडोज लाइव्ह मेलच्या फायली आत घेणारं. पण त्याचा फुकट परवाना घरगुती, बिनव्यावसायिक वापरापुरता आणि दोन खात्यांपुरता आहे. पेढीत फुकट वापरणं म्हणजे परवाना मोडणं. बरीच ऑफिसं हे वाचतच नाहीत आणि 'फ्री' एवढाच शब्द बघून ते बसवतात. पैसे भरून घ्यायला हरकत नव्हती, पण ते लिनक्सवर चालत नाही, आणि जुना कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचा विचार चालू होता.

क्लॉज मेल हलकं आणि जुनं-जाणतं, पण त्यात फक्त साधा मजकूर लिहिता येतो. रंगीत तक्ते चिकटवून हिशेब पाठवणाऱ्या ताईंनी ते पाच मिनिटांत बाजूला ठेवलं. इव्होल्युशन चांगलं आहे, पण ते लिनक्सचं. नुसत्या वेबमेलवर राहणं शक्य होतं, पण १९ जीबी जुनी पत्रं १० जीबीच्या पेटीत मावणार नव्हती, आणि इंटरनेट नसताना एकही जुनं पत्र उघडलं नसतं.

उरलं थंडरबर्ड, फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचं फुकट ईमेल सॉफ्टवेअर. आणि इथे भाऊंनी खरा प्रश्न विचारला: "हेही उद्या बंद पडलं तर?"

उद्या बंद पडलं तर

हा प्रश्न भीतीपोटी विचारलेला नव्हता. डेस्कटॉपवरच्या ईमेल सॉफ्टवेअरचा इतिहास बंद पडलेल्या दुकानांचा आहे. एके काळी घरोघरी असलेलं युडोरा क्वालकॉमने सोडून दिलं, आणि २०१८ मध्ये त्याचा सोर्स कोड संगणक इतिहासाच्या संग्रहालयाने प्रसिद्ध केला. आउटलुक एक्स्प्रेस एक्सपीबरोबर गेलं. त्याच्या जागी आलेलं विंडोज मेल, त्याच्या जागी आलेलं लाइव्ह मेल आणि त्याच्या जागी आलेलं मेल ॲप, तिन्ही गेली. पैसे देऊन घ्यायचं पोस्टबॉक्सही २०२४ मध्ये ईएम क्लायंटवाल्यांनी विकत घेऊन बंद केलं. पैसे मोजले म्हणून आयुष्य वाढतं असंही नाही.

थंडरबर्डही दोनदा काठावर जाऊन आलेलं आहे. १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मधली. जुलै २०१२ मध्ये मोझिलाने त्यावरचं काम कमी करत असल्याचं जाहीर केलं. २०१५ च्या शेवटी फायरफॉक्स आणि थंडरबर्ड वेगळे करायला हवेत अशी भूमिका मोझिलाच्या नेतृत्वाने उघडपणे मांडली. त्या वेळी अनेकांनी ते संपलं असं धरून चाललं होतं. २०१७ मध्ये ते मोझिला फाउंडेशनच्या छत्राखालीच राहील असं ठरलं आणि जानेवारी २०२० मध्ये फाउंडेशनच्या मालकीच्या एमझेडएलए टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे ते सोपवलं गेलं. खर्च चालतो वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर: २०२२ मध्ये सुमारे ६४ लाख डॉलर, २०२३ मध्ये ८६ लाख. २०२२ मध्ये के-९ मेल हे अँड्रॉइडवरचं ॲप त्यांनी जवळ केलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचंच अँड्रॉइडसाठीचं थंडरबर्ड झालं. देणग्या आटल्या तर हे बंद पडू शकतं. पण त्यांच्या जमा-खर्चाचा अहवाल दरवर्षी वाचायला मिळतो, आणि सोर्स कोड खुला असल्याने दुसऱ्याला तो पुढे नेता येतो. बेटरबर्ड हे त्यातूनच फुटलेलं उदाहरण आहे, फक्त त्याच्यामागे माणसं फार थोडी आहेत म्हणून ऑफिससाठी ते घेऊ नये.

या सगळ्यापेक्षा वजनदार ठरली ती दुसरी बाब: पत्रं कोणत्या रूपात साठतात. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरची एक एमबॉक्स फाइल करतं. 'इनबॉक्स' नावाची, पुढे कोणतंही एक्स्टेन्शन नसलेली फाइल. पत्रं एकाखाली एक लिहिलेली, प्रत्येकाच्या आधी 'फ्रॉम' ने सुरू होणारी ओळ. शेजारी एमएसएफ ही फक्त सूची, ती पुसली तरी पुन्हा तयार होते. एमबॉक्स ही पद्धत युनिक्सच्या जुन्या काळापासूनची आहे आणि ती वाचणारी कितीतरी सॉफ्टवेअरं आहेत. साध्या नोटपॅडमध्येही पत्राचा मजकूर दिसतो, जोडलेल्या फायली मात्र सांकेतिक अक्षरांत असतात.

लाइव्ह मेल आठ वर्षांपूर्वी आधाराविना पडूनसुद्धा पेढीची पत्रं वाचवता आली, ती ईएमएल फायलींमुळेच. भाऊंना हे दाखवलं आणि तिथे निर्णय झाला. सॉफ्टवेअर किती वर्षं टिकेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. त्यातून पत्रं घेऊन बाहेर पडता येतं की नाही, हे मात्र आजच तपासता येतं.

उत्तरायणाचे दोन दिवस

१४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, बडोद्यात कोणतंच ऑफिस उघडं नसतं. अशिलांचा फोन येणार नाही म्हणून स्थलांतर याच दोन दिवसांत करायचं ठरलं. मुलगा आणि कॉम्प्युटरवाला कामाला बसले, मूळ डिस्कला हात न लावता प्रतीवर.

थंडरबर्ड ताईंच्या कॉम्प्युटरवर बसवलं. तेव्हा १२८ ही आवृत्ती चालू होती. ती ईएसआर, म्हणजे साधारण वर्षभर फक्त सुरक्षेच्या आणि दुरुस्तीच्या सुधारणा घेणारी. पेटी आयमॅपने जोडली: येणारी पत्रं पोर्ट ९९३, जाणारी ४६५, दोन्हीकडे एसएसएल/टीएलएस. ताईंचा जीमेल पत्ता जोडताना लॉगिनची खिडकी उघडून पुन्हा पुन्हा तिथेच येत राहिली. गूगलने मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डचं लॉगिन वैयक्तिक खात्यांना बंद केलं आहे, त्यामुळे ओऑथ२, म्हणजे गूगलच्याच पानावर लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत, निवडावी लागते, आणि त्यासाठी थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकी चालू हव्यात. त्या बंद होत्या. जीमेलमधलं 'ऑल मेल' हे फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवणं बंद केलं, नाहीतर प्रत्येक पत्र दोनदा डिस्कवर आलं असतं.

जुनी पत्रं आत घेण्याची थंडरबर्डची स्वतःची सोय आहे, पण तिच्या यादीत विंडोज लाइव्ह मेल नाही. म्हणून इंपोर्ट-एक्सपोर्ट टूल्स एनजी हे ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायची सोय, घेतलं. 'लोकल फोल्डर्स' मध्ये, म्हणजे फक्त कॉम्प्युटरवर राहणाऱ्या भागात, एक रिकामं फोल्डर करायचं, त्यावर राइट-क्लिक, ॲड-ऑनच्या मेन्यूतून एका डिरेक्टरीतली आणि तिच्या पोटातल्या डिरेक्टरींतली सगळी पत्रं आत घ्या.

पहिली अडचण नावांची आली. लाइव्ह मेल डिस्कवर फोल्डरचं नाव पूर्ण ठेवत नाही. पहिली दहा-अकरा अक्षरं ठेवतं आणि पुढे दोन-तीन आकडे-अक्षरांचं शेपूट लावतं. बडोद्यातल्या पेढीत याचा परिणाम काय होतो ते बघा: 'श्री' आणि एखाद्या देवीच्या नावाने सुरू होणाऱ्या फर्मचीच एकवीस फोल्डर होती. इंडस्ट्रीज, ट्रेडर्स, एंटरप्राइज हा फरक दाखवणारा शब्द नेमका कापला गेलेला. एकवीस फोल्डर, दिसायला सारखी, फक्त शेपूट वेगळं.

मार्ग लाइव्ह मेलमध्येच होता. फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की त्याचा डिस्कवरचा पत्ता दिसतो. जुना कॉम्प्युटर अजून चालू होता म्हणून मुलाने १३० फोल्डरचे पत्ते आणि प्रत्येकातल्या पत्रांची संख्या एका एक्सेल शीटमध्ये उतरवली. तीन तास लागले. ते काम कंटाळवाणं होतं, पण पुढची सगळी तपासणी त्या एका शीटवर उभी राहिली. डिस्क त्याआधीच गेली असती तर एकवीस फोल्डरांतलं एकेक पत्र उघडून अशील ओळखावा लागला असता.

दुसरी अडचण विजेची. उत्तरायणाला पतंगाचा दोरा तारांत अडकून फीडर ट्रिप होणं नवं नाही. दुपारी वीज गेली, यूपीएस दहा मिनिटांत संपला, आणि एका मोठ्या फोल्डरचं काम अर्धं असताना कॉम्प्युटर बंद पडला. वीज आल्यावर फोल्डर उघडलं तर पत्रं दिसत होती आणि सगळं ठीक वाटत होतं. शीटवर १,८४० पत्रं होती, इथे १,२१२. शेवटच्या पत्राची जोडलेली फाइल उघडेना, कारण ते अर्धंच लिहिलं गेलं होतं. अशा वेळी उरलेली पत्रं मागून जोडायचा मोह टाळावा. एमबॉक्समध्ये अर्धं पत्र मधेच राहिलं तर पुढचं पत्र त्याच्या पोटात जाऊ शकतं. ते फोल्डर पूर्ण पुसून, कचऱ्याची पेटी रिकामी करून, पहिल्यापासून पुन्हा आत घेतलं.

दोन गोष्टी आधीच सांभाळल्यामुळे बचावल्या. थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर, म्हणजे जिथे त्याची पत्रं आणि सेटिंग असतात ते, अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळलं होतं. एका जुन्या पत्रात व्हायरस सापडला म्हणून अँटिव्हायरसने अख्खी इनबॉक्स फाइल उचलून बाजूला टाकणं, हे एमबॉक्सच्या बाबतीत घडतं. आणि एकही फोल्डर ४ जीबीच्या वर जाऊ दिलं नाही. मोठ्या अशिलांची फोल्डर आर्थिक वर्षाप्रमाणे तोडली.

आत आलेली सगळी पत्रं 'न वाचलेली' दिसत होती, कारण वाचल्याची खूण लाइव्ह मेल ईएमएल फाइलमध्ये न ठेवता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. ताई क्षणभर घाबरल्या. प्रत्येक फोल्डरवर जाऊन शिफ्ट आणि सी दाबलं की ते मिटतं. उत्तर दिल्याची खूण मात्र गेली ती गेलीच.

मराठी पत्रं

पेढीकडे दोन मराठी संस्थांच्या ट्रस्टचे हिशेब आहेत, आणि त्यांची पत्रं मराठीत. त्यातली काही आत आल्यावर अगम्य दिसली. इथे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचा उपाय एक नाही.

पहिल्यात पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन 'ए' पुन्हा पुन्हा येतं आणि त्याच्यामागे चार टोकं फुटलेला छोटा गोल किंवा जपानी येनची खूण. असं दिसलं की निश्चिंत व्हावं. मजकूर युनिकोडमध्ये शाबूत आहे, फक्त पत्राच्या डोक्यावर त्याची ओळख चुकीची लिहिली आहे. थंडरबर्डमध्ये व्ह्यू मेन्यूतलं 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबलं की अक्षरं जागेवर येतात.

दुसऱ्यात रोमन अक्षरं, कंस आणि विरामचिन्हांची खिचडी दिसते. ही पत्रं युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली. कॉम्प्युटरच्या लेखी ती रोमन अक्षरंच आहेत, मराठीपण होतं ते फाँटच्या चित्रांत. एन्कोडिंग बदलून काही होत नाही. तो फाँट किंवा त्याचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो. अशी चाळीसेक पत्रं निघाली. जुन्या कॉम्प्युटरवर तो फाँट अजून होता, म्हणून त्यांची तिथूनच पीडीएफ काढून त्या त्या अशिलाच्या फोल्डरमध्ये ठेवली. कॉम्प्युटर भंगारात गेल्यावर हे जमलं नसतं.

एप्रिलमधली चूक

नव्या आर्थिक वर्षात भाऊंसाठी विंडोज ११ चा कॉम्प्युटर आला. मुलाने वेबसाइटवरून थंडरबर्ड उतरवलं आणि ताईंचं प्रोफाइल त्यावर कॉपी केलं. सगळं चाललं. आठवड्याने बॅकअप तपासायचा म्हणून भाऊंचं प्रोफाइल ताईंच्या कॉम्प्युटरवर ठेवलं, तर थंडरबर्डने ते उघडायलाच नकार दिला: हे प्रोफाइल नव्या आवृत्तीत वापरलं गेलं आहे.

मार्च २०२५ मध्ये १३६ या आवृत्तीपासून थंडरबर्डने दर महिन्याला येणारी आवृत्ती हीच मुख्य केली. वेबसाइटवर बटण दाबलं की तीच मिळते. ताईंकडे मात्र ईएसआर होती. नवं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. पत्रं सुरक्षित होती, कारण एमबॉक्स फायली दोन्हीकडे सारख्याच असतात. भाऊंकडची मासिक आवृत्ती काढून ईएसआर बसवली, नवं रिकामं प्रोफाइल केलं, खाती पुन्हा जोडली आणि 'लोकल फोल्डर्स' मधल्या फायली थंडरबर्ड बंद ठेवून नुसत्या कॉपी केल्या.

इथे दुसरा निर्णयही घेता आला असता: सगळीकडे मासिक आवृत्ती. नव्या सोयी लवकर मिळतात. पण पेढी ज्या ॲड-ऑनवर अवलंबून आहे ते प्रत्येक महिन्याच्या बदलाबरोबर चालेलच याचा भरवसा नसतो, आणि विवरणपत्राच्या तारखेला मेन्यू बदललेला कोणालाच नको असतो. जुलै २०२५ मध्ये १४० ही पुढची ईएसआर आली, तेव्हा तिन्ही कॉम्प्युटर एकाच संध्याकाळी, बॅकअप घेऊन, तिच्यावर नेले.

काय हाती आलं

शीटवरची आणि थंडरबर्डमधली संख्या १३० पैकी १२४ फोल्डरांत तंतोतंत जुळली. उरलेल्या सहांत मिळून सतरा पत्रांचा फरक. त्यातली आठ शून्य बाइटची, म्हणजे मुळातच रिकामी निघाली. बाकीची नऊ खराब सेक्टरमध्ये गेली. कोणाची, हे लाइव्ह मेलच्या यादीतल्या विषयावरून कळलं, आणि त्यातली सात पत्रं अशिलांकडून मागवता आली.

आता तिन्ही कॉम्प्युटर आयमॅपवर आहेत. पॉप कुठेच नाही. पण आयमॅप म्हणजे बॅकअप, असं कोणी समजू नये: सर्व्हरवर पत्र पुसलं गेलं की सगळीकडचं जातं. म्हणून दर एप्रिलमध्ये सरलेल्या वर्षाची पत्रं सर्व्हरवरून 'लोकल फोल्डर्स' मध्ये कॉपी होतात. आधी कॉपी, मग संख्या जुळवणं, मग सर्व्हरवरून काढणं. थेट हलवताना नेट तुटलं तर कोणतं पत्र कुठे राहिलं ते शोधत बसावं लागतं. पुसलेली पत्रं एमबॉक्स फाइलमध्ये तशीच पडून असतात, म्हणून त्यानंतर 'कॉम्पॅक्ट' करायचं. बॅकअप दोन बाहेरच्या डिस्कवर, एक ऑफिसात, एक भाऊंच्या घरी. घेताना थंडरबर्ड बंद. चालू प्रोफाइल क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची सूचना आली होती ती नाकारली, कारण फाइल लिहिली जात असतानाच सिंक तिला हात घालतं.

जुन्या विंडोज ७ च्या कॉम्प्युटरला एसएसडी लावून लिनक्स मिंट टाकलं आणि त्यावर थंडरबर्ड. विंडोजवरून उचललेल्या फायली तिथे जशाच्या तशा उघडल्या. सप्टेंबरमध्ये एका अशिलाला २०१८-१९ बद्दल विचारणा आली तेव्हा ताईंनी २०१९ मधलं होकाराचं पत्र आणि जोडलेलं शीट काही मिनिटांत काढलं.

काय वेगळं करता आलं असतं

चौदा दिवसांनी पत्र नाहीसं होण्याची तक्रार वर्षभर ऐकू येत होती. तेव्हाच कोणी सेटिंग उघडून बघितलं असतं तर एकाच डिस्कवर सगळं साठत असल्याचं डिस्क वाजायच्या आधीच कळलं असतं, आणि ती नऊ पत्रं वाचली असती.

उत्तरायणाचा मुहूर्त शांततेसाठी चांगला, विजेसाठी वाईट होता. काम तेव्हाच करायचं तर ते लॅपटॉपवर करायला हवं होतं, त्याची बॅटरी दोन-तीन तास पुरते.

आवृत्ती कोणती, हे कागदावर लिहून कॉम्प्युटरजवळ चिकटवायला हवं होतं. आता तसं आहे: 'ईएसआर १४०, आयमॅप ९९३, बॅकअप शनिवारी'.

पत्त्यांच्या यादीकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष झालं. प्रत काढली होती, पण लाइव्ह मेलमधून सीएसव्ही करून आणताना गटांची नावं आली नाहीत. मकरपुऱ्याचे सगळे, तिमाही भरणारे सगळे, असे गट ताई अजून एकेक नाव उचलून नव्याने बांधत आहेत.